सोळावी काडी

१

गास्पार रेव्हॉल दर सोमवारी खेचरावर पोती लादायचा आणि शिव्या देत डोंगर चढायचा. पहिल्या शिव्या खेचराला, मग वाटेला, आणि देवदारांची झाडी संपून मठाची भिंत दिसली की उरल्यासुरल्या सगळ्या धाकट्या भावाला.

भाऊ भिंतीच्या आत होता. अकरा वर्षं. रेमी त्याचं नाव, आता ब्रदर रेमी. त्या मठातली माणसं बोलत नाहीत. जेवताना नाही, कामात नाही, दुखलंखुपलं तरी नाही. गुरुवारी दुपारी सगळे मिळून रानात फिरायला जातात, तेवढा वेळ आपसात बोलायची मुभा. बाकी आठवडाभर तोंडाला कुलूप. प्रार्थना गातात तेवढाच गळ्याला व्यायाम. आणि डोंगरातल्या पाल्यामुळ्यांची एक हिरवी दारू गाळतात. गावात तिला नुसतं 'हिरवी' म्हणतात. पोट दुखलं, हिरवी. बाई बाळंत झाली, हिरवी. म्हातारं माणूस शेवटाला आलं, साखरेच्या खड्यावर दोन थेंब हिरवी. तिच्यात काय काय पडतं ते मात्र गावात कुणाला ठाऊक नाही. गास्पारलाही नाही, आणि अर्धा पाला तर तोच आणून देणार.

भिंतीत, आतल्या भट्टीच्या खोलीला लागून, एक मोठं उभं लाकडी पिंप बसवलंय. एका अंगानं उघडं, मधल्या खुंट्यावर फिरणारं. इकडून तीन पोती ठेवायची, ढकलायचं, पिंप करकरत फिरतं आणि पोती आत जातात. आतला माणूस रिकामी पोती ठेवून पिंप परत फिरवतो. तोंड दिसत नाही, हातही दिसत नाही. रिकाम्या पोत्यांवर हिरवीची एक चपटी बाटली असते आणि पुढच्या खेपेची दोरी असते.

ही दोरी म्हणजे मठाचं मागणं. गास्पारच्या आज्याला अक्षर येत नव्हतं, बापाला येत नव्हतं, गास्पारला सहीपुरतं येतं. म्हणून आज्याच्या वेळेपासून मठानं दोरीच धाडली. जे पाहिजे त्याची एकेक काडी दोरीला बांधलेली. काडीखाली जितक्या गाठी तितक्या जुड्या.

गाठी रेमी मारायचा. गास्पारला ते बघताक्षणी कळायचं. रेमी डावरा, त्याचा फास उलट्या अंगानं बसायचा. लहानपणी गास्पारनं थपडा मारमारून त्याला सुलटी गाठ शिकवायला बघितलं, पण उलटी ती उलटीच राहिली.

"काय रं मुक्या," गास्पार पिंपाला तोंड लावून म्हणायचा, "जिता हायस का?"

पलीकडून काही नाही.

"आई इचारत हुती तुझं. म्या सांगितलं, पोट सुटलंय, टक्कल पडलंय. खरं-खोटं तुझं तुला म्हाईत."

मग पिंप फिरायचं. बस, एवढंच.

मठात घरच्यांना वर्षातून एकदा भेटायची सवलत असते. रेमीनं ती एकदाही घेतली नाही. का, ते आईला माहीत नव्हतं. गास्पारला होतं. रेमी निघाला त्या दिवशी गास्पारनं त्याला अंगणात आडवा पाडून मारला होता आणि म्हणाला होता, "गेलास तर या घरात पुन्यांदा तुझा आवाज ऐकू आला न्हाई पायजे." आई तेव्हा चर्चमध्ये होती.

२

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी गास्पार दोरी घेऊन घरी आला, चुलीवरच्या खिळ्याला अडकवली आणि काड्या मोजल्या. सोळा.

पंधरा ओळखीच्या होत्या. जेन्शनचं मूळ, डोंगरी दवणा, पुदिन्याचे दोन प्रकार, असं सगळं. सोळावी ओळखीची नव्हती.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण गास्पारला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सात वर्षांचा होता तेव्हापासून हा डोंगर त्यानं गुडघ्यांवर रांगत खरवडला होता. बर्फाच्या कडेला काय येतं, मेंढरं काय खातात आणि काय खात नाहीत, सगळं तोंडपाठ. त्याला माहीत नाही असं झाड या डोंगरात नव्हतंच.

"नोएमी," त्यानं बायकोला हाक मारली. "ह्ये काय हाय?"

नोएमीनं हात पुसले, काडी बघितली. देठ राखाडी, पान लांबट, पानाची उलटी बाजू चरबीसारखी पांढरी.

"झाड हाय," ती म्हणाली.

"त्ये मला बी दिसतंय."

"मग कशाला इचारता? जलमभर पाला तुमी उपटायचा आन् नाव म्या सांगायचं?"

"वास घे."

तिनं घेतला. "मला तर कसलाच वास येत न्हाई."

गास्पारला येत होता. ओल्या लोकरीचा, आणि त्यात नुकत्या विझलेल्या मेणबत्तीचा. झाडाला असा वास नसतो. तो म्हणाला, चुलीपाशी टांगलं म्हणून धुराचा असेल.

मग त्यानं गाठ बघितली. पंधरा काड्यांच्या गाठी उलट्या. सोळाव्या काडीची गाठ सुलटी होती, दोन वेढे घेऊन करकचून आवळलेली.

आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. ओदिल म्हातारी उन्हाळ्यापासून अंथरुणाला होती. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले, दोन शब्दांमागं एक श्वास. डॉक्टर म्हणाला होता, द्राक्षं उतरेपर्यंत काढली तर नशीब.

"रेमीची दोरी आली का रं?"

"आली."

"बरा हाय न्हवं त्यो?"

"घोड्यावानी हाय."

म्हातारीनं छताकडं नजर लावली. "त्याचं त्वांड समदं डोळ्याम्होरं हाय बघ. कानामागचा तीळसुदिक. पर आवाज आठवत न्हाई. लय आठवून बघितलं. कसा हुता रं आवाज?"

गास्पारनं आठवून बघितलं. त्यालाही आठवत नव्हता.

"यकदा ऐकवशील का मला?" आई म्हणाली. "काय बी बोलू दे. शिवी दिऊ दे."

३

पंधरा वनस्पतींची पोती भरून गास्पार पुढच्या सोमवारी वर गेला. बाकीच्या काड्या दोरीवर सुकून कुस्करल्या होत्या. सोळावी तशीच, तोडली तेव्हा होती तशी. त्यानं ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली, पोती पिंपातून आत लोटली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भिंतीला वळसा घालून मोठ्या दाराची घंटा ओढली.

दाराशी असतो तो ब्रदर थिओफिल. बाहेरच्या माणसाशी बोलायची परवानगी त्याला एकट्याला. पण वापर नसल्यानं त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा झालेला.

"आई मरायला लागलीय," गास्पार म्हणाला. "रेमीला खाली धाडा. यका दिसासाठी."

"आम्हाला ठाऊक आहे. पाद्रीबाबांनी कळवलं होतं," थिओफिल म्हणाला. "मठाधिपतींनी ब्रदर रेमींना परवानगी दिली. बोलायचीही दिली."

"मग?"

"ते मान हलवतात. येत नाहीत."

थिओफिल दाराची कड बोटांनी घासत राहिला. मग बोलला, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना.

हिरवीची कृती कागदावर नाही. अर्धी एका ब्रदरला ठाऊक, अर्धी दुसऱ्याला. एक थकला की त्यानं आपली अर्धी पुढच्याच्या कानात सांगायची, तीही गुरुवारी, रानात, बोलायच्या वेळेत. आताचे दोघं म्हणजे रेमी आणि म्हातारा ब्रदर ऑन्सेल्म. ईस्टरच्या आधीच्या उपासात ऑन्सेल्म शुक्रवारी आजारी पडला. मठाधिपती स्वतः उशाशी बसले, म्हणाले, तुम्हाला मोकळीक आहे, आत्ता सांगा. ऑन्सेल्मनं हाताची चार बोटं वर केली.

"चार म्हंजी?"

"सोमवारपासून चौथा दिवस. गुरुवार. नियम मोडायचा नाही म्हणाले. म्हणजे म्हणाले नाहीत, बोटं दाखवली. रोज दाखवत होते. बुधवारी गेले."

"गाढवच की मग," गास्पार म्हणाला.

थिओफिलनं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आम्ही त्यांना पुरलं. आमच्यात पेटी नसते, नाव नसतं. नुसता झगा आणि क्रूस. त्या दिवसापासून ब्रदर रेमी भट्टीच्या खोलीत आहेत. कडी आतून. कृती हरवली ती आपल्यामुळं असं त्यांच्या डोक्यात बसलंय. राहिलेली अर्धी पुरी झाल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत. जेवण ठेवतो ते निम्मं परत येतं."

"म्हंजी तिकडं त्यो दारू गाळत बसलाय, आन् हितं—"

"गाळत नाहीत," थिओफिल म्हणाला. "भट्टी ईस्टरपासून पेटलीच नाही."

"मग दर सोमवारी म्या पोती आणतो ती?"

"आत जातात खरी."

गास्पार खिशातला कागद काढणार होता. हात खिशापर्यंत गेलाही. तेवढ्यात त्याला आठवलं. रेमी मठात यायच्या आधी, बापाच्या वेळेला, दोरीवर सुलट्या गाठी असायच्या. दोन वेढ्यांच्या. बाप म्हणायचा, ऑन्सेल्मची गाठ दातानं पण सुटत नाही.

आता जुनी दोरी असेल, तो उतरताना स्वतःला सांगत होता. म्हाताऱ्यानं मरायच्या आधी बांधून ठेवली असेल आणि रेमीनं तीच वापरली असेल. सोपं आहे. फक्त मार्चमध्ये मेलेल्या माणसानं बांधलेली काडी सप्टेंबरात हिरवी कशी, एवढं एक सोडून.

४

पण गास्पार काही विचार करत बसणारा माणूस नव्हता. त्यानं सरळ हिशेब मांडला. रेमी अडकलाय तो या सोळाव्या काडीपायी. ती नेऊन त्याच्या तोंडावर फेकली की कृती पुरी, कडी उघडी, आईला आवाज. मग खुशाल परत जाऊन मुका बस.

मंगळवार आणि बुधवार त्यानं डोंगर पालथा घातला. दोन्ही उतार, ओढ्याची घळ, मेंढक्यांची वरची कुरणं. काही नाही. घरी आला की नोएमी दारातच सांगायची, "आज तिनं पेज बी घेतली न्हाई," आणि तो जोडे न काढता ओट्यावर बसून राहायचा.

गुरुवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की एक जागा राहिलीय. मठाच्या मागची, उत्तरेकडची. तिथं वर्षभर ऊन पडत नाही, शेवाळाशिवाय काही उगवत नाही, म्हणून तो कधी गेलाच नव्हता.

मठ रिकामा होता. सगळे रानात गेलेले. खालच्या झाडीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, खुराड्यातून सोडलेल्या कोंबड्यांसारखं, सगळे एकदम. थिओफिलचा गंजका आवाजसुद्धा त्यात होता. मग ते लांब गेले आणि काही ऐकू येईना.

मागच्या भिंतीला गास्पार पोचला तेव्हा आधी वास आला. ओली लोकर. विझलेली मेणबत्ती.

भिंतीच्या अगदी पायाशी, दगडाला लागून, एकच झाड होतं. गुडघ्याएवढं. राखाडी देठ, पानांची पाठ पांढरी. भिंत तिथं छातीएवढीच उंच. त्यानं पलीकडं डोकावून बघितलं. गवतात क्रूस होते, काळे, लाकडी, एकावरही नाव नाही. भिंतीला लागून जो होता त्याखालची माती अजून बसली नव्हती.

बरं, स्मशानाच्या मातीत झाडं चांगलीच येतात, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

कुदळ घेऊन त्यानं भोवतीची माती मोकळी केली. मूळ पाहिजेच होतं. मठाला नेहमी मुळासकट लागतं. बोटाएवढं जाड, पांढरं, सरळ भिंतीखाली गेलेलं. त्यानं ते दोन्ही हातांत धरून ओढलं.

मुळाची एक ओढ असते. आधी अडतं, मग धागे तुटतात, मग एकदम सुटून माणूस मागं पडतो. हजारदा पडला होता तो. हे मूळ तसं आलं नाही. हे सहज आलं, हातभर, मग थांबलं. मग त्यानं न ओढता आणखी हातभर आलं आणि थांबलं. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचा माणूस दोर सोडतो ना, एक हात, मग दुसरा हात, तसं. पलीकडून कुणीतरी जपून, सावकाश, ते सोडत होतं.

गास्पारनं ते हातातून टाकलं नाही. का नाही, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. तो तसाच उकिडवा बसून घेत राहिला आणि पुढ्यात वेटोळी पडत राहिली. मग टोक आलं. टोक तुटलेलं नव्हतं. कापलेलं होतं.

५

तो वेटोळं खांद्यावर टाकून पिंपापाशी आला तेव्हा त्याची बनियन घामानं चिकटली होती. हवा थंड होती.

"रेमी," तो लाकडाला तोंड लावून म्हणाला. "आणलंय तुझं सोळावं. घे आन् बाहीर ये. आई दोन दिस बी काढत न्हाई."

त्यानं झाड पिंपात ठेवलं, ढकललं. पिंप फिरलं. तो थांबला. कडी निघाल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. पिंप परत फिरलं नाही.

त्यानं कान लावला.

आत कुणीतरी बोलत होतं.

हलक्या आवाजात, एका सुरात, न थांबता. शब्द कळत नव्हते. म्हातारा आवाज, आणि दर दोन-तीन शब्दांनी खाकरत होता. गास्पारच्या मनात पहिली गोष्ट आली ती भीतीची नव्हती, रागाची होती. म्हणजे बोलता येतं यांना. अकरा वर्षं मी इथं लाकडाशी बडबडतोय, खाली आई आवाजासाठी तडफडतेय, आणि आत गप्पा चालल्यात.

दुसरी गोष्ट नंतर आली. आज गुरुवार. सगळे रानात.

तोवर तो रिकामं पिंप आपल्याकडं फिरवून आत शिरला होता. तीन पोत्यांच्या जागेत गुडघे छातीशी घेऊन, डोकं वाकवून, आणि हातानं भिंतीचा दगड मागं रेटत. पिंप करकरत फिरलं. अंधार झाला, मग उजेड.

खोली मोठी होती, एकच उंच खिडकी. तांब्याचा हंडा थंड, त्यावर धूळ. आणि पोती. भिंतीला लावून, छतापर्यंत, ईस्टरपासून आणलेलं एकूण एक पोतं. एकही उघडलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडाला गास्पारनं मारलेली गाठ जशीच्या तशी.

मधोमध तिवईवर रेमी बसला होता. गाल आत गेलेले, तोंड उघडं, नजर खिडकीत. एका हाताची बोटं एकेक करून मिटत होता, परत उघडत होता. नवं मूळ त्याच्या पायाशी पडलं होतं.

त्याच्या कानाशी झग्याची एक टोपी वाकली होती. पांढरी, लोकरीची, डोक्यावरून ओढलेली. झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं ओला. टोपी आणि कान यांच्यात चार बोटांचं अंतर नसेल. तोंड दिसलं नाही. पिंपाचा करकर आवाज झाला तसं बोलणं थांबलं. टोपी वळली नाही. नुसती थांबली, मधेच कुणी आलं म्हणून थांबतात तशी.

गास्पारनं पुढं तिकडं बघितलंच नाही. रेमीच्या मानेला धरलं, उचलला, वजन काहीच नव्हतं, आणि पोत्यासारखा पिंपात कोंबला. मग त्याच्यावर रेटून स्वतः शिरला. पाठ खोलीकडं होती. पिंप फिरून बंद होईपर्यंत त्याच्या पाठीवर गार श्वास येत होता, घाई नसलेला.

खुंटीवर वाळत घातलेला झगा असणार, तो खेचराला म्हणाला. धुतात की ते पण. धुणार नाहीत होय.

६

खाली येईपर्यंत रेमी एक अक्षर बोलला नाही. खेचरावर बसून ओठ असे दाबून धरलेले की पांढरे पडले होते. तोंडात पाणी भरून घेतलेल्या माणसासारखा.

"सोड की आता," गास्पार म्हणाला. "परवानगी हाय तुला. मठाची हाय."

रेमीनं मान हलवली.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून उंबऱ्यावर होतं. नोएमी डॉक्टरला आणायला खालच्या वस्तीवर गेली होती. आईचा श्वास दारापासून ऐकू येत होता. रेमी आत गेला, पलंगाच्या कडेला बसला. म्हातारीनं हात वर केला, त्याच्या गालावर फिरवला, मग कानामागं बोट घातलं आणि तीळ चाचपला.

"माझं बाळ त्ये," ती म्हणाली. "बोल की रं."

रेमीनं आईकडं बघितलं नाही. गास्पारकडं बघितलं. अकरा वर्षांपूर्वी अंगणात मातीत पडून बघितलं होतं तसं.

गास्पारला ते समजलं. परवानगी मठाची नको होती.

"बोल," तो म्हणाला. "म्या सांगतो. म्या चुकलो तवा. बोल आता, आईला ऐकू दे."

रेमीनं तोंड उघडलं.

"पहिलं," तो म्हणाला, आणि एका झाडाचं नाव घेतलं. वजन सांगितलं. चंद्र केवढा असताना तोडायचं ते सांगितलं. "दुसरं."

आवाज रेमीचाच होता. ऐकताक्षणी गास्पारला आठवला, किंचित नाकातला, शेवटाला चढणारा. म्हातारीचं तोंड असं खुललं की तिच्या सुरकुत्या कमी झाल्यासारख्या वाटल्या.

"प्रार्थना म्हणतोय," ती म्हणाली. "आमेन."

"तिसरं."

"आमेन."

विसाव्याला रेमीनं खाकरून घेतलं. तिसाव्याला परत. चाळीसच्या पुढं आवाजातला नाकातला सूर गेला आणि खाली दुसराच काहीतरी लागला, जाड, म्हातारा. आईच्या ते ध्यानात आलं नाही. ती डोळे मिटून हसत होती. गास्पारला उठून त्याच्या तोंडावर हात दाबावासा वाटला. हात वर गेलाही. पण आईनं त्याचं मनगट धरलं, मरणाऱ्या माणसाच्या ताकदीनं, आणि म्हणाली, "नगं. गोड वाटतंय."

त्यानं हात खाली घेतला. ऐकत बसला. सगळं.

सोळाव्या काडीचं नाव खूप पुढं आलं. त्याच्याही पुढं आणखी एकच होतं. ते झाड नव्हतं. ते काय होतं आणि किती घ्यायचं, हे रेमी आईच्या अगदी कानाशी वाकून बोलला, पण गास्पार पायथ्याशी बसला होता, त्यालाही नीट ऐकू गेलं.

"आमेन," म्हातारी म्हणाली, आणि पुढचा श्वास आलाच नाही.

रेमी आईच्या कानापासून सरळ झाला. मग त्यानं खांदे हलवले, ओझं उतरवलेल्या हमालासारखे, आणि मोठा सुस्कारा सोडला.

"आई गेली का दादा?" तो स्वतःच्या आवाजात म्हणाला आणि रडायला लागला. साधं रडला, लेकरू रडतं तसं. नंतर डोळे पुसून म्हणाला, "लय भूक लागलीय रं. किती दिस जेवलो न्हाई असं झालंय."

७

शनिवारी आईला पुरलं. रेमीनं खड्ड्याशी प्रार्थना म्हटली, चांगल्या खणखणीत आवाजात. गावातल्या बायका म्हणाल्या, काय सुरेख बोलतो हा. परत येताना बांधावर जेन्शन फुललं होतं. रेमीनं एक देठ तोडून बघितला.

"ह्ये काय असतं दादा?"

गास्पारला वाटलं चेष्टा करतोय. अकरा वर्षं हीच मुळी त्यानं दोरीला बांधली होती. पण रेमीच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्याला पुदिना ओळखता आला नाही, दवणा आला नाही. सोमवारी थिओफिल खाली आला, त्यानं खोदून खोदून विचारलं. रेमीला काहीसुद्धा आठवत नव्हतं, त्याची स्वतःची अर्धीसुद्धा नाही. तो हसत होता. हलकं वाटतंय म्हणाला.

"तुमच्यापाशी काही बोलले का?" थिओफिलनं गास्पारला विचारलं.

गास्पारनं मान हलवली. तोंड उघडलं नाही. उघडलं तर काय बाहेर येईल ते त्याला ठाऊक होतं. ते दातांच्या मागं येऊन उभं होतं. पहिलं, दुसरं, तिसरं, वजनासकट. ऐकणारी दोघं होती. एक गेली.

थिओफिलला सांगून मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण तिवईवर बसलेल्या रेमीचं उघडं तोंड डोळ्यांपुढं यायचं, आणि तो शेवटचा जिन्नस, आणि त्याचं वजन. हे दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं काम नव्हतं. माझ्याबरोबर जाऊ दे मातीत, त्यानं ठरवलं. मग ऑन्सेल्म मातीत गेला होता ते आठवलं, आणि त्यानं ठरवणं सोडलं.

तेव्हापासून त्याच्या शिव्या बंद झाल्या. खेचर वाटेत अडलं तरी बंद. मंगळवारी काही बोलला नाही, बुधवारी बोलला नाही. गावात म्हणाले, आईचं लागलंय त्याला. रेमी मात्र दिवसभर बडबडायचा, ओट्यावर बसून, आल्या-गेल्याला हाका मारत.

गुरुवारी दुपारी नोएमी टेबलापाशी शेंगा सोलत होती. खिडकी उघडी. रेमी पाणी आणायला गेलेला. लांब वर, रानातून, माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता, इतका बारीक की वारा म्हणावा.

गास्पार तिच्या मागं येऊन उभा राहिला. आपण कोपऱ्यातनं उठलो कधी, हे त्याला कळलं नाही. त्याचे दात दुखत होते, इतके आवळले होते. त्याच्या स्वतःच्या मागं, दाराशी, ओल्या लोकरीचा वास आला. त्यानं वळून बघितलं नाही. खाकरावंसं वाटलं म्हणून खाकरला.

"काय हो," नोएमी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. चार दिवसांत तो पहिल्यांदा जवळ आला होता. "काय सांगायचंय?"

तो वाकला.

तिनं शेंगा बाजूला सारल्या, मान तिरपी केली आणि ओल्या बोटानं कानावरची बट मागं घेतली.